नकाशावरची रेघ आणि वसईचा रक्तसाक्षी : संत गोन्सालो गार्सिया

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघाले की डाव्या-उजव्या हाताला डोंगरांच्या रांगा सुरू होतात आणि काही वेळाने मुळशीचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. पावसाळ्यात या वाटेने जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील सहली तेथे थांबतात, छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. त्या निळ्या पाण्याखाली मावळातील भातखाचरे, देवळे आणि घरांची जोती आहेत, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ वीजनिर्मितीसाठी धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा ब्रिटिश सरकारने 1894 च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन टाटांच्या वीज कंपनीसाठी ही जमीन मिळवून दिली. 1921 साली रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रहास आरंभ केला. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. लढा 1924 पर्यंत चालला, पण धरण झालेच. घाटमाथ्यावरचे पाणी कोकणातील भिरा येथे उतरू लागले आणि त्या पाण्यावर झालेली वीज मुंबईला मिळू लागली.

या इतिहासाची आठवण आम्ही येथे सहज म्हणून करीत नाही. एकाच भूमीकडे दोन दृष्टींनी पाहता येते, हे मुळशीने आपल्याला शिकविले. कागदावर नकाशा पसरून पाहणाऱ्याला ती क्षेत्रफळ दिसते, महसूल दिसतो, पाण्याचा साठा दिसतो. त्याच भूमीवर उभ्या असलेल्या माणसाला ती आई दिसते, शेजारी दिसतो, पूर्वजांची समाधी दिसते. साम्राज्ये पहिल्या दृष्टीवर उभी राहतात. दुसऱ्या दृष्टीने पाहणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

ताम्हिणीच्या माथ्यावरून पश्चिमेकडे पाहिले की खाली कोकण पसरलेले असते. त्याच किनारपट्टीवर, उत्तरेला, आपली वसई आहे. या वसईत जन्मलेल्या एका सुपुत्राला सुमारे सव्वाचारशे वर्षांपूर्वी हजारो मैलांवरील जपान देशात क्रुसावर चढविण्यात आले. त्याने कोणाची हत्या केली नव्हती की कोणाचे राज्य बुडविले नव्हते. एका नकाशावरून उठलेल्या संशयाने त्याचा बळी घेतला. तो सुपुत्र म्हणजे संत गोन्सालो गार्सिया. दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण त्यांचे स्मरण करतो. त्यांच्या जीवनाकडे भूमी आणि साम्राज्य यांच्या संदर्भात पाहण्याचा हा आमचा अल्पसा प्रयत्न आहे.

वसईचे बालपण

गोन्सालो यांचा जन्म 1557 च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, तर आई याच मातीतली. त्यांच्या जन्मापूर्वी जेमतेम दोन तपे आधी, 1534 साली, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली होती. समुद्राच्या काठाने किल्ला, त्यात चर्चेस, मठ आणि येशूसंघीयांचे विद्यालय उभे राहत होते. खाली चौल येथेही पोर्तुगिजांचे ठाणे होते. घाटावरचा पुणे प्रांत मात्र अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता आणि दोघांत वरचेवर खटके उडत. 1570-71 साली निजामशहाने चौलला मोठा वेढा घातला होता.

त्या काळातील राज्याची कल्पना आजच्याहून फार निराळी होती. निजामशाहीचे राज्य म्हणजे शेतसारा देणारी गावे, देशमुख आणि किल्लेदार. पोर्तुगिजांचे राज्य म्हणजे बंदरे, तटबंदी आणि समुद्रावरचा परवाना. त्यांचा परवाना घेतल्यावाचून गलबत सोडणाऱ्याचे काही खरे नसे. एक सत्ता जमिनीवर पसरलेली, दुसरी पाण्यावर. या दोहोंच्या सीमेवर, पोर्तुगीज पित्याच्या आणि देशी मातेच्या पोटी वाढलेल्या या मुलाला दोन भाषा आणि दोन जगे बाळपणापासूनच परिचयाची झाली असली पाहिजेत. पुढे हेच त्यांचे सामर्थ्य ठरले.

वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले. फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांची छाया त्यांच्यावर होती. सुमारे पंधराव्या वर्षी, 1572 साली, येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत गोन्सालो जपानला जाण्यास निघाले. संत फ्रान्सिस झेवियर यांनी 1549 साली कागोशिमा येथे पाऊल ठेवून त्या देशात शुभवर्तमानाचे बी पेरले होते. त्या पिकाची निगा राखण्यास वसईचा हा मुलगा गेला.

दोन राजांनी वाटून घेतलेली पृथ्वी

ते ज्या समुद्रातून गेले तो समुद्र युरोपातील दोन राजांनी आधीच वाटून घेतला होता. 1493 साली पोप सहावे अलेक्झांडर यांच्या आज्ञापत्राने आणि 1494 साली तोर्देसिलासच्या तहाने अटलांटिक महासागरात एक उभी रेघ ओढली गेली. रेघेच्या पूर्वेकडील नवे प्रदेश पोर्तुगालचे, पश्चिमेकडील स्पेनचे. पृथ्वी गोल असल्यामुळे पलीकडच्या बाजूलाही अशी रेघ हवी होती. ती 1529 च्या सारागोसाच्या तहाने ओढली गेली. ज्यांच्या भूमीवरून या रेघा गेल्या त्या लोकांना याची गंधवार्ताही नव्हती. त्या रेघेप्रमाणे पाहिले तर फिलिपाईन्स बेटे पोर्तुगालच्या वाट्याची होती, तरीही स्पेनने ती घेतली आणि 1571 साली मनिला ही तेथील राजधानी केली.

सुवार्ताप्रसाराचे कार्यही या वाटणीत अडकले, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. गोवा आणि मकाव या मार्गाने पोर्तुगालच्या आश्रयाखाली येशूसंघीय जपानला जात. मनिलाच्या मार्गाने स्पेनच्या आश्रयाखाली फ्रान्सिस्कन बंधू तेथे जाऊ इच्छीत होते. 1585 साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे कार्य येशूसंघीयांकडेच राहावे असे ठरविले. 1580 पासून दोन्ही देशांचा राजा एकच, फिलिप दुसरा, होता. तरीही व्यापारी, खलाशी आणि काही अंशी व्रतस्थ यांच्यातील चढाओढ संपली नाही. ख्रिस्ताचा सुळी दिलेला देह एकच, पण त्याचे नाव घेणारे दोन झेंड्यांखाली उभे, असे ते चित्र होते.

श्रद्धाशिक्षक, व्यापारी आणि व्रतस्थ बंधू

गोन्सालो यांनी जपानमध्ये सुमारे आठ वर्षे येशूसंघीयांबरोबर श्रद्धाशिक्षक म्हणून सेवा केली. जपानी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की लहानथोर सर्वांशी ते मोकळेपणाने बोलू शकत. येशूसंघात प्रवेश घ्यावा ही त्यांची मनीषा होती, परंतु ती पूर्ण झाली नाही. मनाला लागलेल्या या आघातानंतर त्यांनी संघाची सेवा सोडली आणि ते व्यापाराकडे वळले. पूर्वेकडील बंदरांत त्यांचा व्यापार उत्तम चालला आणि पैसा मिळाला.

पैशाने त्यांचे समाधान झाले नाही. व्यापारानिमित्त मनिला येथे येणे-जाणे होत असता फ्रान्सिस्कन बंधूंचे अकिंचन जीवन त्यांच्या नजरेस पडले. 1588 च्या सुमारास, वयाच्या तिशीत, त्यांनी सर्वस्वाचा त्याग करून संत फ्रान्सिसचा झगा अंगावर घातला. ते धर्मगुरू झाले नाहीत. अखेरपर्यंत ते साधे व्रतस्थ बंधूच राहिले. एका दाराने नकार दिला म्हणून देवाचे घर सोडून जाणारे पुष्कळ असतात. गोन्सालो यांनी दुसरे दार शोधले आणि त्या दाराने ते पुन्हा त्याच जपानला पोहोचले, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

हिदेयोशीची महत्त्वाकांक्षा

मधल्या काळात जपान बदलला होता. गोन्सालो प्रथम तेथे गेले तेव्हा देश अनेक सरदारांत विभागलेला होता. ओदा नोबुनागा याने एकीकरणास आरंभ केला आणि 1582 मध्ये त्याचा अंत झाल्यावर तोयोतोमी हिदेयोशी पुढे आला. सामान्य घरात जन्मलेला हा पुरुष 1590 पर्यंत साऱ्या जपानचा स्वामी झाला. त्याने गावोगावची जमीन एकाच मापाने मोजली, तिचे उत्पन्न तांदळाच्या मापात लिहून काढले आणि 1588 साली शेतकऱ्यांकडील शस्त्रे काढून घेतली. भूमी म्हणजे मोजता, लिहिता आणि वाटता येणारी वस्तू, हा विचार त्याने जपानात पक्का रुजविला.

येथे पूर्व आशियातील जुन्या व्यवस्थेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. शेकडो वर्षे त्या भागात चीनचा सम्राट हा जगाचा केंद्रबिंदू मानला जाई. कोरिया, रयुक्यू बेटे आदी राज्ये त्याच्याकडे नजराणे पाठवीत आणि तो त्यांच्या राजांना मान्यता देई. या व्यवस्थेत सीमारेषेला फारसे महत्त्व नव्हते. कोण कोणापुढे मान लववितो, यावर सारे अवलंबून असे. हिदेयोशीला हे केंद्रच आपल्याकडे ओढावयाचे होते. 1591 साली त्याने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला शरण येण्याविषयी पत्र धाडले. गोव्याच्या व्हाइसरॉयचा वकील म्हणून फादर व्हालिन्यानो त्याला भेटले, तेव्हा गोव्यालाही त्याने आपल्या दिग्विजयाचे आणि जपान ही देवांची भूमी असल्याचे कळविले. 1592 साली दीड लाखाहून अधिक सैन्य त्याने कोरियावर सोडले. त्याला कोरियातून पुढे चीन जिंकावयाचा होता.

ख्रिस्ती धर्माकडे तो याच दृष्टीने पाहू लागला. 1580 साली ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती सरदाराने नागासाकी बंदर येशूसंघीयांच्या हवाली केले होते. परदेशी धर्मगुरूंच्या हाती आपल्या देशातील बंदर असावे, हे हिदेयोशीला कसे रुचावे? 1587 साली त्याने धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला आणि नागासाकी स्वतःकडे घेतली. हुकमाची अंमलबजावणी मात्र ढिली राहिली, कारण पोर्तुगीज व्यापार त्याला हवा होता.

दोन सत्तांमधील दुभाषा

हिदेयोशीच्या धमकीमुळे मनिला येथे घबराट झाली. त्याची समजूत काढण्यासाठी गव्हर्नरने 1593 साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठविले. जपानी भाषा उत्तम जाणणारा माणूस बरोबर हवा होता. ती जबाबदारी बंधू गोन्सालो यांच्यावर आली. क्युशू बेटावरील नागोया किल्ल्यात, जेथून कोरियावरील स्वारीची सूत्रे हालत होती, ही भेट झाली.

वाचकांनी क्षणभर तो प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एका बाजूला चीन जिंकावयास निघालेला जपानचा सर्वाधिकारी. दुसऱ्या बाजूला ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हटले जाई, त्या स्पेनच्या राजाचे वकील. आणि दोघांच्या मध्ये ठिगळ लावलेल्या झग्यातील, अनवाणी, वसईचा एक बंधू. एकाला शरणागती हवी होती, दुसऱ्याला मैत्री. शब्द जरा इकडचा तिकडे झाला असता तर युद्धाला निमित्त मिळाले असते. गोन्सालो यांनी आपले काम चोख बजावले. शरणागती न पत्करता मैत्रीची बोलणी झाली आणि फ्रान्सिस्कन बंधूंना क्योतो येथे राहण्याची अनुज्ञा मिळाली.

क्योतो येथे त्यांनी चर्च आणि मठ बांधला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडली. ज्यांना कोणत्याही राज्याच्या हिशेबात स्थान नव्हते, त्यांच्या जखमा हे बंधू धूत. 1587 चा हुकूम डोक्यावर टांगलेला असताना फ्रान्सिस्कनांनी इतक्या उघडपणे कार्य करावे हे येशूसंघीयांना धोक्याचे वाटे. आपण काय ते लपूनछपून करावे, असे फ्रान्सिस्कनांना वाटत नसे. दोघांचेही हेतू शुद्ध होते, आणि पुढे दोघांचेही पुत्र एकाच टेकडीवर क्रुसावर चढले.

एक फुटलेले जहाज

ऑक्टोबर 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोतील आकापुल्को बंदराकडे निघालेले सान फेलिपे हे भव्य स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या शिकोकू बेटावर, तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. त्यात मौल्यवान माल खच्चून भरलेला होता. स्थानिक सरदाराने तो अडकवून ठेवला आणि हिदेयोशीचा अधिकारी मासुदा नागामोरी चौकशीस आला.

या चौकशीत जहाजाच्या सुकाणूधराने जगाचा नकाशा उघडून स्पेनच्या राजाचे अफाट साम्राज्य दाखविले, असे सांगितले जाते. इतके देश कसे जिंकले या प्रश्नावर, आधी धर्मगुरू जातात आणि त्यांच्यामागून सैन्य येते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले, अशी ती हकीकत आहे. हे उत्तर खरोखर कोणी व कसे दिले याविषयी स्पॅनिश आणि पोर्तुगीज वृत्तांतांत मेळ नाही. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखविले. परंतु भीती घालून माल सोडविण्यासाठी कोणी नकाशा दाखविला असेल, तर त्याची किंमत ज्यांचा त्या मालाशी काडीचा संबंध नव्हता त्यांना मोजावी लागली, एवढे निश्चित.

वेळही विपरीत होती. सप्टेंबर महिन्यात भयंकर भूकंपाने हिदेयोशीचा फुशिमीचा किल्ला कोसळला होता. कोरियातील युद्ध थबकले होते आणि तहासाठी चीनचे वकील ओसाका येथे आले होते. जहाज किनाऱ्याला लागले त्याच सुमारास त्यांनी हिदेयोशीला चीनच्या सम्राटाकडून जपानचा राजा म्हणून मान्यता देऊ केली. जुन्या व्यवस्थेप्रमाणे तो सन्मान होता. ज्याला स्वतःच जगाचे केंद्र व्हावयाचे होते, त्याला मात्र तो अपमान वाटला. एकीकडे चीनने मांडलिक ठरविले, दुसरीकडे स्पेनच्या नकाशाने घेरले. अशा मनःस्थितीत त्याचा संताप निराधार माणसांवर कोसळला. डिसेंबरात क्योतो व ओसाका येथील बंधूंच्या घरांवर पहारे बसले.

नागासाकीची वाट

चोवीस जणांना शिक्षा फर्माविण्यात आली. नाक आणि दोन्ही कान कापावेत असा मूळ हुकूम होता. अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो सौम्य केला आणि जानेवारी 1597 च्या आरंभी क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. गाड्यांवर बसवून त्यांची क्योतो, ओसाका व साकाई येथे धिंड काढली गेली. नंतर ऐन हिवाळ्यात, बर्फातून, शेकडो किलोमीटरची वाट तुडवीत त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. वाटेत आणखी दोघे या मेळ्यात सामील केले गेले आणि संख्या सव्वीस झाली.

या सव्वीस जणांची नावनिशी पाहावी. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय, ज्यांत संत पॉल मिकी होते, आणि सतरा प्रापंचिक. देशाप्रमाणे पाहिले तर वीस जपानी, चार स्पॅनिश, मेक्सिकोचा एक आणि वसईचा एक. मेक्सिकोचे संत फिलिप हे तर धर्मगुरुदीक्षेसाठी मायदेशी निघाले होते आणि त्याच फुटक्या जहाजावरून उतरले होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा होता. परदेशी साम्राज्याची आघाडी म्हणून ज्यांना ठार करावयाचे, त्यांतले बहुसंख्य याच भूमीची लेकरे होती. आरोपाचा फोलपणा यादीतच उघड होत होता.

5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रोवण्यात आले. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते. क्रुसाशी जखडल्यावर सैनिकांनी भाल्यांनी एकेकाच्या कुशी भोसकल्या. आपल्या प्रभूप्रमाणे, अगदी त्याच खुणा अंगावर घेऊन, वसईच्या या पुत्राने प्राण सोडला. तो ज्यांची भाषा बोलत होता, ज्यांच्या रोग्यांची सेवा करीत होता, त्यांच्यातच त्याचा अंत झाला.

पुढील वर्षी, सप्टेंबर 1598 मध्ये, हिदेयोशी मरण पावला. कोरियातून जपानी सैन्य परत फिरले. लक्षावधी जीवांचा नाश होऊनही कोरियाची एक वीतभर जमीन त्याच्या पदरी पडली नाही.

साम्राज्ये आली आणि गेली

यानंतरच्या चार शतकांत पूर्व आशियात भूमीची आणि साम्राज्याची कल्पना पुन्हापुन्हा बदलली. 1614 साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर सार्वत्रिक बंदी घातली आणि 1639 साली पोर्तुगिजांना हाकलून जपानने आपली दारे जवळपास मिटून घेतली. इकडे 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगिजांची उत्तरेकडील सत्ता लयास गेली. सत्ता गेली, तरी वसईतील श्रद्धावंत समाज राहिला. त्याची श्रद्धा तटबंदीच्या आधारावर नव्हती, हे त्यावरून सिद्ध झाले.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य गलबते पुन्हा पूर्वेकडे वळली. 1842 साली अफूच्या युद्धानंतर चीनला हाँगकाँग द्यावे लागले. 1850 च्या दशकात अमेरिकेने आरमाराच्या धाकाने जपानची दारे उघडविली. याच काळात, 8 जून 1862 रोजी, पोप नववे पायस यांनी या सव्वीस रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. 1627 साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केलेच होते. योगायोग असा की त्या वेळी स्वतः पोप महोदयांचे राज्यही हातचे जात होते. 1860 साली पोपच्या राज्याचा बहुतेक भाग इटलीत विलीन झाला होता आणि 1870 साली रोमही गेले. भूमीवाचून ख्रिस्तसभेचे काय होणार, ही चिंता तेव्हा अनेकांना ग्रासत होती. वेदीवर चढविलेल्या या सव्वीस जणांजवळ मात्र मरतेसमयी क्रुसाखालच्या वीतभर जमिनीशिवाय काहीच नव्हते.

आणि तीनच वर्षांनी, 1865 साली, या रक्तसाक्षींना अर्पण केलेल्या नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही जपानी स्त्रीपुरुष आले आणि त्यांनी फादर पेतिजां यांना आपली ओळख दिली. अडीचशे वर्षे धर्मगुरूवाचून, चर्चवाचून, गुप्तपणे श्रद्धा जपलेले ते ख्रिस्ती होते. त्यांच्यामागे ना स्पेन होता ना पोर्तुगाल. धर्मगुरूंमागून सैन्य येते, या आरोपाला त्या मूक शेतकऱ्यांनी दिलेले हे उत्तर होते. छळ त्यानंतरही झाला. 1873 साली बंदीचे फलक उतरविले गेले.

दुर्दैवाने, त्याच काळात जपानने पाश्चात्त्यांपासून साम्राज्याचा धडा घेतला. 1879 साली रयुक्यू बेटे, 1895 साली तैवान, 1910 साली कोरिया, 1931 नंतर मांचुरिया, अशी नकाशावरची रेघ पुढे सरकत गेली. हिदेयोशीचे स्वप्न आगगाड्या आणि तोफांनिशी परत आले. कोरियातही रयतेच्या जमिनींची मोजणी झाली आणि अनेकांची वहिवाट गेली. त्याचा शेवट 1945 साली झाला. 9 ऑगस्ट रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला. उराकामीचे कॅथेड्रल आणि त्या गुप्त ख्रिस्ती लोकांचे हजारो वंशज भस्मसात झाले.

ख्रिस्तसभाही या अनुभवांतून शिकली. 1919 साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी मिशनरींनी आपल्या राष्ट्राच्या स्वार्थाची सेवा करू नये, असे आपल्या प्रेषितीय पत्रात स्पष्टपणे बजावले आणि स्थानिक धर्मगुरू घडविण्यावर भर दिला. 1926 साली सहा चिनी बिशपांना आणि 1927 साली नागासाकीसाठी जपानी बिशपांना रोममध्ये दीक्षा मिळाली. हे घडत होते तेव्हा इकडे मुळशीत मावळे आपल्या खाचरांसाठी तुरुंगात जात होते, हेही विसरू नये.

आपल्यासाठी बोध

गोन्सालो कोणत्या देशाचे? जुन्या याद्यांत त्यांना पोर्तुगीज म्हटले आहे. स्पेनच्या वकिलातीत ते होते. भाषेने ते अर्धे जपानी झाले होते. आज आपण त्यांना भारतभूमीत जन्मलेले पहिले संत म्हणून अभिमानाने गौरवितो. वसईच्या किल्ल्यातील येशूच्या पवित्र नावाचे भग्न चर्च, गास येथील चर्च आणि वसईतील महाविद्यालय यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. परंतु त्यांना आपल्या मालकीचे करून घेण्यात त्यांचा खरा सन्मान नाही. ज्या ज्या भूमीवर ते गेले, तेथील माणसांची भाषा शिकून ते त्यांचे झाले. तो त्यांचा देश होता.

ख्रिस्ती माणूस परका आहे, त्याची निष्ठा दुसरीकडे आहे, हा संशय आजही कधी कधी आपल्या वाट्याला येतो. त्याला रागाने उत्तर देणे सोपे आहे. गोन्सालो यांनी क्योतोतील कुष्ठरोग्यांच्या जखमा धुऊन उत्तर दिले. त्याबरोबरच आपणही स्वतःला विचारले पाहिजे की सत्तेच्या सावलीत राहण्याचा मोह आपल्याला कधी झाला नाही काय? नागासाकी बंदर हाती घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्या मालकीनेच संशयाला जागा दिली. साम्राज्याच्या आश्रयाने मिळालेली सोय पुढे निरपराधांच्या गळ्याशी येते.

आपले धर्मप्रांतही एका अर्थाने भूप्रदेशच आहेत. पुणे धर्मप्रांत 1886 साली, वसई 1998 साली, सिंधुदुर्ग 2005 साली स्थापन झाला. त्यांनाही नकाशा आहे, सीमा आहेत. मात्र ही सीमा कोणावर सत्ता चालवावी म्हणून ओढलेली नाही. या रेघेच्या आत राहणाऱ्या प्रत्येक माणसाची, तो ख्रिस्ती असो वा नसो, काळजी कोणी वाहावयाची, हे ती सांगते. मुळशीच्या काठावर ज्यांची जमीन गेली त्यांची नातवंडे-पतवंडे आजही आपल्या शेजारी राहतात. त्या तालुक्यात आज जमिनीचे भाव गगनाला भिडले आहेत आणि नवे नकाशे रोज काढले जात आहेत. जमीन घेताना किंवा विकताना, घर बांधताना किंवा सहलीला जाताना, त्या कागदाखाली कोणाचे जोते आहे हे पाहण्याची दृष्टी आपल्याला लाभावी.

1962 साली, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, निशिझाका टेकडीवर या सव्वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले. 1981 साली पोप दुसरे जॉन पॉल आणि 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी तेथे नतमस्तक होऊन प्रार्थना केली. हिदेयोशीचा फुशिमीचा किल्ला गेला, स्पेनचे साम्राज्य गेले, पोर्तुगालची वसई गेली, ब्रिटिशांचा अंमलही गेला. त्या टेकडीवर, सव्वीस जणांच्या रांगेत, आमच्या वसईचा अनवाणी दुभाषा मात्र आजही उभा आहे.

संत गोन्सालो गार्सिया, आपल्या शेजाऱ्याची भाषा शिकण्याची आणि त्याच्या जखमा धुण्याची कृपा आम्हांला लाभावी म्हणून आमच्यासाठी विनंती करा.